बारा पावत्या आणि साळवे

साळवे गेल्याचा निरोप आला तेव्हा मी फॉर्म सोळा वाटत होते. जूनचा मधला आठवडा म्हणजे आमच्या पगार विभागात मान वर करायला सवड नसते. तळवड्यातली आमची कंपनी काही मोठी नाही, पण अडीचशे माणसांना पडणारे सगळे प्रश्न ह्याच आठवड्यात पडतात. वर्षभर कापलेल्या टॅक्सचा दाखला हातात आला की प्रत्येकाला वाटतं, आपलाच जास्त कापला. मोबाइल उलटा ठेवला होता. शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडे बघून नुसतं म्हणाली, "मॅडम, साळवेसाहेब…" पुढचं तिने सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. मी समोरच्या माणसाला त्याचा फॉर्म दिला, सही घेतली, रांगेत अजून अकरा जण होते त्यांचे दिले आणि मग पिंपळे गुरवला गेले. हे ऐकून माझी जाऊ म्हणाली, "तू कशी गं अशी?" मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. त्या रांगेतला माणूस अर्धी रजा टाकून उभा असतो, हे मला साळवेंनीच शिकवलं होतं.

साळवे आमच्याच कंपनीत टाइम ऑफिसला होते. हजेरी, ओव्हरटाइम, रजा, शिफ्टची अदलाबदल हे सगळं त्यांच्या टेबलावरून माझ्याकडे यायचं आणि मग पगार व्हायचा. मी चोविसाव्या वर्षी नोकरीला लागले तेव्हा ते सदतीस-अडतीसचे असतील. पहिल्याच महिन्यात एका माणसाचा ओव्हरटाइम माझ्याकडून राहून गेला. ते कागद घेऊन आले, टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, घाई कुणाला आहे? तुम्हाला की मला? ज्याचे पैसे आहेत त्याला विचारलंत का?" मला राग आला. पुढची पंचवीस वर्षं तो अधूनमधून येतच राहिला. फार सावकाश काम करायचे. एक आकडा दोनदा वाचायचे, तोही मोठ्याने. मी चटचट उरकणारी बाई. आमची मैत्री होती असं म्हणायला मला अजूनही जड जातं… पण रोज एकत्र डबा खाल्ला, एकमेकांच्या घरची आजारपणं पाहिली, ते रिटायर झाल्यावरही महिन्यातून एखादी चक्कर चुकली नाही. ह्याला दुसरं काय म्हणतात मला माहीत नाही.

त्यांचा रविवार सुरू झाला तो एका टर्नरमुळे. त्याने वर्षाच्या मध्ये कंपनी बदलली होती. पहिल्या कंपनीने त्याचा टॅक्स तिच्या पगारापुरता काढला, दुसरीने तिच्या पगारापुरता. दोघींनीही सगळ्या सवलती दिल्या आणि ह्याने रिटर्न भरताना दुसऱ्या कंपनीचाच फॉर्म जोडला. पहिली कंपनी सोडली तशी डोक्यातूनही गेली. वर्षभराने नोटीस आली ती तो जेवणाच्या पिशवीत घडी घालून घेऊन आला, भाजीचं तेल लागलेली. साळवेंनी ती दोन दिवस वाचली. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याला काय झालंय ते समजावून सांगितलं, आणि चौथ्या दिवशी त्याच्या खात्यातले… म्हणजे आमच्या कारखान्यातल्या त्याच्या खात्यातले सहा जण आपापले कागद घेऊन आले. तेव्हापासून जून-जुलैचे सगळे रविवार त्यांच्या पुढच्या खोलीत गेले. एक कॉट, चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली हप्त्यावर घेतलेला संगणक. पैसे घ्यायचे नाहीत. कुणी पेढे आणले तर म्हणायचे, "पेढे नकोत, पासबुक आणा."

त्यांची एक अट होती आणि तिच्यावरून लोक त्यांना हसायचे. लग्न झालेल्या माणसाचं रिटर्न ते एकट्याचं भरायचे नाहीत. जोडीने या, म्हणायचे. सत्यनारायणाला बसवतात तसं. पुरुष कुरकुर करत. बायकोला त्यातलं काय कळतंय, तिची शनिवारची रात्रपाळी होती, ती माहेरी गेलीय… साळवे म्हणत, मग पुढच्या रविवारी. मी एकदा आईला घेऊन गेले होते तेव्हा समोर चाकणच्या कंपनीतला एक फिटर बसला होता, मूळचा मावळातल्या गावचा. साळवेंनी नेहमीप्रमाणे संगणकाकडे न बघताच विचारलं, "वर्षात कुठून कुठून पैसे आले?"

"पगाराबिगर काय न्हाई बघा आपलं," फिटर म्हणाला.

"न्हाई कसं?" त्याची बायको पदर सावरत पुढे सरकली. "पतसंस्थेत ठेव हाय की तुमची."

"ती गावची हाय."

"गावची म्हंजी शेजाऱ्याची व्हय? याज कोण घेतंय?"

खोलीतले सगळे हसले. फिटरही हसला, मग म्हणाला, "अवो साहेब, त्यावर बी धरत्यात? आमी तर समजत हुतो हितल्या बँकेचंच धरायचं." ही चूक दर रविवारी दोघंतिघं तरी करत. कारखान्यातला पगार म्हणजे उत्पन्न, गावाकडचं ते आपलं. साळवे कुणाला रागावायचे नाहीत. पतसंस्थेतून व्याजाचा दाखला आणायला सांगायचे आणि मग बायकोकडे बघून म्हणायचे, "नवऱ्याला विचारलं की पगार कळतो, बायकोला विचारलं की उत्पन्न." मग सरकारकडे आपल्या नावावर काय काय माहिती गेली आहे त्याचं पत्रक उघडून ते वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायचे. बेचाळीस रुपये व्याज असलं तरी वाचायचे. परतावा जिथे जायचा ते खातं चालू आहे का, की जुन्या कंपनीचं बंद पडलेलं आहे, तेही बघायचे. आणि मोबाइलवर आलेला कोड टाकून रिटर्न पडताळून झाल्याशिवाय कुणाला खुर्चीवरून उठू द्यायचे नाहीत. भरलं, पण पडताळलंच नाही, म्हणून आमच्या एका सुपरवायझरचं रिटर्न भरलेलंच धरलं गेलं नव्हतं, आणि त्याला हे कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती.

आता ह्यात थोरपणा कमी आणि हट्ट जास्त होता, हेही लिहिलं पाहिजे. रत्नावहिनी, त्यांच्या पत्नी, ह्या रविवारांना कंटाळल्या होत्या. सकाळी आठपासून पुढची खोली त्यांची राहायची नाही. "लेकीच्या लग्नाला जुलैची तारीख धरू दिली नाही ह्यांनी," त्या मला सांगायच्या, "सोयरे म्हणाले, काय सरकारी अधिकारी आहेत का हो तुमचे?" साळवे आतून ओरडायचे, "नोव्हेंबरमध्ये केलं ना? मग?" चहा फक्त एकदा, अकरा वाजता, त्यानंतर कुणी आलं तर पाणी. एखादा चुकीचं सांगतोय असं वाटलं की ते गप्प बसून बघत राहायचे, आणि ते बघणं अपमान केल्यापेक्षा वाईट असायचं. हे मी ऐकीव सांगत नाही.

माझी आई आणि माझा धाकटा भाऊ सुनील पिंपळे गुरवलाच राहतात, साळवेंपासून दोन गल्ल्या सोडून. घर आईच्या नावावर आहे. वडिलांची पेन्शन आणि काही ठेवी, एवढंच तिचं उत्पन्न, पण तिचं रिटर्न साळवेच भरायचे आणि आईला तो सोहळा वाटायचा. इस्त्रीची साडी नेसून, पर्समध्ये पासबुकं घेऊन ती जायची. त्या दिवसापुरता तिचा साधा मोबाइल मी माझ्याकडे ठेवायचे, कोड आला की सांगायचे. सुनील चाकणला एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये आहे. त्याची बायको पूर्वीच वारली, मुलगी हॉस्टेलला असते, आणि आईचं सगळं तोच बघतो. औषधं, दवाखाना, दर महिन्याला पेन्शनसाठी बँकेत नेणं. मी पिंपळे सौदागरला राहते, म्हणजे फार लांब नाही, पण लांब नसणं आणि रोज असणं ह्यांत फरक आहे. त्या फरकाचं ओझं माझ्या मनावर होतं. म्हणून गेल्या वर्षीच्या जानेवारीत, कंपन्या करबचतीचे पुरावे मागतात त्या दिवसांत, सुनील म्हणाला, "ताई, पोरीची इंजिनिअरिंगची फी आहे, टॅक्समध्ये काही करता येईल का?" तेव्हा मी लगेच म्हटलं, येईल.

भाडं भरणाऱ्या नोकरदाराला टॅक्समध्ये सूट मिळते, म्हणून मी आईच्या नावाने घरभाड्याच्या बारा पावत्या लिहिल्या. दरमहा पंधरा हजार, सुनीलकडून मिळाले. सुनील भाडं देत नव्हता, त्याने ते का द्यावं, घर आईचंच. माझ्या टेबलावर दर जानेवारीला अशा पावत्या येतात आणि बाराच्या बारा एकाच पेनने लिहिलेल्या दिसल्या की मी त्या परत करते. म्हणून घरी मी तीन पेनं वापरली. आईला समोर बसवलं, तिकिटं लावली आणि म्हटलं, इथे सही कर. तिने विचारलं, "कशाचं आहे गं?" मी म्हटलं, "सुनीलच्या ऑफिसचं कागदाचं काम आहे, कर." तिने केल्या, बाराही, सुवाच्य. वर्षाला लाखाच्या वर भाडं असलं की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. तोही मीच दिला.

त्यानंतरच्या जुलैत आईला घेऊन मी साळवेंकडे गेले. तोवर त्यांना डायलिसिसला वर्ष झालं होतं. डावा हात जपून मांडीवर ठेवलेला, उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायचे. आधीच सावकाश माणूस, आता तर बघवत नव्हतं. पेन्शन वाचली. ठेवींचं व्याज वाचलं. मग म्हणाले, "घरभाडं, एक लाख…" आणि थांबले. पडद्यावर त्या ओळीसमोर सुनीलच्या कंपनीचं नाव होतं. आईने विचारलं, "काय म्हणालात? कुणाचं भाडं?" साळवेंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. मग ते म्हणाले, "काही नाही, आई. सर्व्हर बंद पडला वाटतं. पुढच्या रविवारी या." आई उठली, रत्नावहिनींशी बोलायला आत गेली. साळवे माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आले.

"सुनील भाडं देतो?"

"भाजी आणतो. लाइटबिल भरतो."

"भाडं देतो का, विचारलं."

"नाही."

"पावत्या कुणी लिहिल्या?"

"मी."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना उभं राहवत नव्हतं, पण तेव्हा मला वाटलं, माझ्यामुळेच बसले. मग म्हणाले, सुनीलने रिटर्न भरताना ही सूट घ्यायची नाही, निघेल तो टॅक्स भरायचा. आईंच्या बाजूने कळवायचं, की हे भाडं मला मिळालेलं नाही. दोन्ही गोष्टी अजून सोप्या आहेत. "पण त्याच्या आधी आईंना सांगायचं. सही त्यांची आहे."

"आईला कशाला? ती घाबरेल."

"मग न सांगता अजून एक सही घेणार का?"

ह्यावर मी चिडले. म्हटलं, सगळे करतात, साळवे, अर्धं चाकण करतं. ते म्हणाले, "म्हणून तर रविवारी माझ्या घरात बसायला जागा नसते." मी म्हटलं, तुम्ही काय इन्कम टॅक्सचे साहेब लागून गेलात? "साहेब असतो तर रविवारी झोपलो असतो," म्हणाले, आणि कठडा धरून उठले. आई आतून आली. आम्ही दोघींनी रिक्षा केली, दोन गल्ल्यांसाठी.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. सौदागरला आमच्या सोसायटीजवळ एक जण दुकानातच रिटर्न भरून देतो, त्याच्याकडे आईची कागदपत्रं नेली. आईलाही नेलं नाही, तिचा मोबाइल तेवढा नेला. त्या ओळीवर त्याने बोट ठेवलं आणि म्हणाला, "ही सोडून देऊ या मॅडम, एवढं कोण बघतंय." दहा मिनिटांत काम झालं. बाहेर आल्यावर मला वाटलं, इतकी वर्षं आपण उगीच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर दोन-दोन तास काढले. सुनीलने त्याचं रिटर्न कंपनीच्या फॉर्ममध्ये होतं तसं भरून टाकलं. साळवेंकडे मी त्यानंतर पाच महिने गेले नाही. एकदा रत्नावहिनींचा फोन आला, मीटिंगमध्ये आहे म्हटलं. मीटिंग नव्हती.

डिसेंबरमध्ये आईच्या मोबाइलवर मेसेज आला. इंग्रजीत होता, म्हणून तिने शेजारच्या मुलीकडून वाचून घेतला. ती म्हणाली, "आजी, इन्कम टॅक्सचा आहे. तुमच्या घरभाड्यात काहीतरी फरक येतोय म्हणतात." आईने ना मला फोन केला, ना सुनीलला सांगितलं. शनिवारी मी सहज गेले तर कॉटवर तिची प्रवासाची पिशवी भरलेली. पेन्शनचे कागद, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, रक्तदाबाच्या गोळ्या, एक साडी. मी विचारलं, हे काय?

"बोलावलं तर जायला नको का?" ती म्हणाली. "साडी बदलायला वेळ देत नसतील."

तीन दिवस तिने ती पिशवी तशीच ठेवली होती. जेवण कमी केलं होतं, सुनीलला वाटलं पोट बिघडलंय. पंचाहत्तरीला आलेली बाई, आयुष्यात बसचं तिकीट काढल्याशिवाय बसली नाही… मी पिशवी उचलून कपाटात ठेवायला गेले तर म्हणाली, "राहू दे तिथेच." मग मी साळवेंकडे गेले. दुसरं कुणी मला माहीत नव्हतं, आणि सौदागरवाल्याचा फोन लागत नव्हता.

ते डायलिसिसहून नुकतेच आले होते, भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी सगळं सांगितलं. तुम्हाला सांगितलं होतं, असं काही ते म्हणाले नाहीत. डोळे न उघडताच म्हणाले, "सुनीलला सुधारून भरायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. बसतं. उद्या तिघं या." मी म्हटलं, तुम्हाला बरं नाही, मला तुम्ही फक्त काय करायचं ते सांगा. "काय करायचं ते तुम्हाला येतं," ते म्हणाले. "तुम्ही सांगायचं आहे. आईंना. माझ्यासमोर सांगा नाहीतर घरी सांगा, पण सांगून झाल्याशिवाय मी संगणक लावणार नाही."

मी त्यांच्यासमोरच सांगितलं. घरी सांगितलं असतं तर मी ते थोडं गोड केलं असतं. सुनील दाराजवळ उभा होता, बसला नाही. मी म्हटलं, आई, त्या बारा कागदांवर सुनीलने तुला भाडं दिलं असं लिहिलं होतं, ते खोटं होतं, मी लिहिलं होतं. आईने मांडीवरची पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे मी बारा वेळा खोटं बोलले आणि मलाच पत्ता नाही?" मग तिने मला विचारलं, "किती लिहिलं होतंस भाडं?" मी सांगितलं. "पंधरा हजार? ह्या घराला? एवढे मिळत असते तर ह्यालाच बाहेर काढून भाडेकरू नसता का ठेवला?" रत्नावहिनी फस्सकन हसल्या आणि तोंडावर पदर घेतला. आई हसत नव्हती. ती साळवेंकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, आई."

"मग त्या दिवशी ते यंत्र बंद नव्हतं पडलं."

"नव्हतं."

"तुम्ही पण?"

साळवे कॉटवर नीट उठून बसले. "माझं चुकलं," म्हणाले. "तेव्हाच वाचून दाखवायला हवं होतं. तुमच्या लेकीला संधी द्यावी म्हटलं… पण कागद तुमचा होता." पंचवीस वर्षांत मी त्यांना कुणाची अशी माफी मागताना पाहिलं नव्हतं. माझ्यामुळे खोटं बोलले होते आणि त्यांनी ते स्वतःच्या नावावर घेतलं. आईने मान हलवली, माफ केलं की नाही ते कळलं नाही. मग त्यांनी संगणक लावायला सांगितला आणि मला खुर्चीवर बसवलं. ते सांगत होते, मी टाइप करत होते, आई ऐकत होती. आईकडून कळवलं की हे भाडं मिळालेलं नाही. सुनीलचं रिटर्न सुधारून भरलं, भाड्याची सूट काढली, निघालेला टॅक्स व्याजासकट भरला. पोरीच्या पुढच्या सहामाहीच्या फीमधून गेले ते पैसे. मी देते म्हटलं, सुनीलने घेतले नाहीत. खाली उतरताना तो एवढंच म्हणाला, "ताई, मला नव्हतं कळत. तुला तर कळत होतं ना? तू तर पगार विभागातली माणूस." हे खरं आहे. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. आईने घरी गेल्यावर पिशवी रिकामी केली आणि दोन पोळ्या खाल्ल्या.

साळवेंना शेवटचं भेटले मे महिन्यात. खूप वाळले होते. बोलता बोलता मध्येच झोप लागायची आणि जाग आली की वाक्य होतं तिथून पुढे सुरू करायचे. मला म्हणाले, "सुनील बोलतो का?" मी म्हटलं, नाही फारसा. "बोलेल. टॅक्स भरलेला माणूस वर्षभर चिडका असतो." मग डोळे मिटले. मी उठायला लागले तर म्हणाले, "ह्या वर्षी रविवारी लोक येतील. वहिनींना त्रास होईल. दारावर काहीतरी लिहून लावा." मी लावते म्हटलं आणि लावलं नाही. म्हटलं, जूनला अजून वेळ आहे.

त्यामुळे ते गेले त्या दिवशी, मी पोचले तेव्हा, गल्लीत शिफ्टवरून थेट आलेले युनिफॉर्ममधले पन्नास-साठ जण उभे होते आणि त्यांच्यात एक नवरा-बायको हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन. ह्या रविवारी यायचं का एवढंच विचारायला आले होते, त्यांना काही माहीतच नव्हतं. दोघंही फाइल पाठीमागे लपवत होती, जणू काही लाजिरवाणी वस्तू आणली. बाईने मला ओळखलं, हळूच विचारलं, "आता कुणाकडं जायचं ओ?" मी म्हटलं, मला माहीत नाही. मग वाटलं, हे बरोबर नाही, आणि म्हटलं, तोवर पतसंस्थेतून व्याजाचा दाखला आणून ठेवा. एवढंच सुचलं.

आता लोक विचारतात, साळवेंचा रविवार तुम्ही चालवणार का, तुम्हाला तर सगळं येतं. नाही चालवणार. एक तर माझ्यात तेवढा दम उरलेला नाही, सोमवार ते शनिवार हेच कागद बघून डोळे दुखतात. आणि दुसरं, त्या खुर्चीवर बसायला नुसतं काम येऊन भागत नव्हतं. वहिनींनी खोली आवरली आहे, खुर्च्या एकात एक रचून गॅलरीत ठेवल्या आहेत. त्या म्हणतात, घर एवढं मोठं आहे हे मला माहीतच नव्हतं.

आईचं रिटर्न मात्र ह्या जुलैत मीच भरलं, तिच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, माझा लॅपटॉप नेऊन. सगळं भरून झाल्यावर कोड मागवला आणि सवयीने हात पुढे केला. आईने मोबाइल दिला नाही. दोन्ही हातांत धरून बसली. कोड आला, तिने चष्मा लावला, पाहिला, आणि फोन छातीशी धरला. म्हणाली, "काय काय लिहिलंस?" मी म्हटलं, जे आहे तेच. "ते मला काय माहीत? सांग. वरपासून." मी सांगितलं. पेन्शन. ह्या बँकेचं व्याज, त्या बँकेचं व्याज. बचत खात्याचे एकशे दहा रुपये, ते कुठले ते तिला आठवेना, तर पासबुक आणायला ती आत गेली, ते सापडायला वेळ लागला, मग तिने ती नोंद बोटाने शोधली आणि मान हलवली. "भाडं?" भाडं नाही, मी म्हटलं. "नीट बघ." मी नीट बघितलं. नाही. सुनील स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत होता.

एवढं होईपर्यंत कोडची मुदत संपली होती. मी तसं सांगितलं. आईने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाली, "मग दुसरा मागव. मी बसलेय."